शकूला नागपूरला नेलं

१४ ऑक्टोबर १९६१
उद्यापासून पहाटे उठणे. थंड पाण्यानं आंघोळ, मग वावरात चक्कर. प्रोग्रॅम पक्का. आज फक्त रेस्ट.

१७ ऑक्टोबर
पऱ्हाटीला बोंडं फुटली. वेचणीआधी सीतादही करावी लागते. वावरात दहीभात ठेवायचा आणि पहिलं बोंड मालकानं आपल्या हातानं वेचायचं. त्याशिवाय आमच्याकडे बाया कापसाला हात लावत नाहीत. बायकोनं, शकूनं, दही विरजून ठेवलं होतं. मी निघणारच होतो. धोतर नेसता नेसता खाटेवर टेकलो, तर दुपार झाली. दहीभात घरीच संपवला. म्हणजे तिनं. मला हल्ली भूक नाही. कमी खाणं तब्येतीला उत्तम.

२५ ऑक्टोबर, दुपार
वेचणाऱ्या बायांतली मैनाबाई दारात. म्हणाली, "मालक, कापूस खाली पडून राह्यला. दही कवा ठेवता?" मी म्हटलं, थंडी पडू दे, कापूस चांगला सुकतो. हे तिथल्या तिथे सुचलं. डोकं अजून शाबूत आहे.
ती गेल्यावर रडू आलं. डोळ्यांत कचरा गेला असावा.

२ नोव्हेंबर
आंघोळ उद्या.
शकूचं लक्षण ठीक दिसत नाही. रात्रभर जागी, दिवसा चुलीपुढे डुलक्या. सारखं एकच, "काहून असं करून राह्यले जी? बोला ना काही." बाईमाणसानं इतकी काळजी करू नये.

११ नोव्हेंबर
शकूचे भाऊ सदाशिवराव आले. दारव्ह्याला मास्तर आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, या घरात एका माणसाला मनाचा आजार झालाय, नागपूरला त्याचे डॉक्टर आहेत. मी म्हटलं, बरं झालं, तुमच्याही ध्यानात आलं! शकूला मी स्वतः नेतो. ते माझा हात धरून बसून राहिले. बहिणीवर फार जीव.

१६ नोव्हेंबर, नागपूर
शकूची सगळी हकीकत डॉक्टरांना मीच सांगितली. मग त्यांनी तिला विचारलं, रात्री झोप का लागत नाही? ती म्हणाली, "मले झोप येते जी. पण हे उठून विहिरीवर जाऊन बसतेत. म्हणून पदराची गाठ यांच्या धोतराले बांधतो अन् जागी राहतो."
विहिरीवर हवा चांगली असते, असं मी सांगणार होतो. 
डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाले, हा आळस नाही, आजार आहे. यावर औषध आहे, पण काही दिवस इथे राहावं लागेल. मी त्यांच्यासमोर हमसून हमसून रडलो. मरावंसं वाटतं, हे पहिल्यांदा तोंडानं बोललो.

१७ नोव्हेंबर
मला खाट मिळाली. रात्री इथला माणूस फेऱ्या मारतो.
शकू म्हणाली, पहिलं बोंड यंदा मीच वेचते. बरं म्हटलं. गावाकडच्या मोटारीला वेळ होता म्हणून ती व्हरांड्यातल्या बाकावर टेकली, आणि बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, पदर खाली. मोटार निघून गेली. मी तिला उठवलं नाही.