नऊ नंबरचा बूट

आबा, तो बूट तुम्हाला मोठा होता. इतकी वर्षं झाली तरी हे तुमच्या तोंडावर म्हटल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि तुम्ही तर केव्हाच निघून गेलात.

दुष्काळात आपण दोघं खडी फोडायला जायचो. तुमच्या पायात टायरची चप्पल, दगड पडून अंगठ्याचं नख काळं झालेलं. विहिरीत घागर बुडत नव्हती, घरात दाणा नव्हता, आणि तशात तुम्हाला सहकारी साखर कारखान्यात काम लागलं. चवड्यावर लोखंडाची वाटी असलेला चामड्याचा बूट मिळणार, म्हणून तुम्ही मलाही बघायला नेलंत. स्टोअरवाल्या मामांनी तुमच्या टाचेमागं बोट घालून पाहिलं. "पाव्हणं, बोट सैल फिरतंय. तुमाला आठच बसतोय." तुम्ही म्हणालात, "न्हाय, नऊच द्या. पोराचा पाय वाढता हाय, उद्या कामाला लागलं की त्याला व्हईल." मामा हसले. "आवो, बूट काय सदरा हाय व्हय, वाढत्या मापाचा घ्यायला?" पण आपल्याकडं सगळं वाढत्या मापाचंच घ्यायची सवय. तुम्ही नऊच घेतलात.

मला अजून दिसतं, तुम्ही कामावरून येऊन उंबऱ्याबाहेर बसता. उसाचा रस सुकला की शिवण कुजते म्हणून बूट ओल्या फडक्यानं पुसता, धुवायला पाणी कुठलं. उन्हात चामडं तडकतं म्हणून सावलीत वाळवता. मग करडईच्या तेलात बोट बुडवून सावकाश चोळत राहता. आई चिडते, "कोरड्यासाला तेल न्हाय आन खेटराला तेल." तुम्ही मान वर न करता म्हणता, "माझा न्हाय त्यो. पोराचा हाय." आणि सकाळी त्याच बुटात चिंध्या कोंबून कामावर जाता.

मळीच्या टाकीचा तो लोखंडी जिना उतरताना टाच बुटातून सुटली. तुमचे जोडीदार तो बूट घेऊन सांगत आले, बूट वर पायरीलाच अडकून राहिला आणि आबा खाली पडले. आई अंगणात मातीत लोळत होती. मला रडूही येईना, मी नुसता त्या बुटाकडं बघत बसलो.

पुढं तुमच्या जागी मलाच घेतलं. स्टोअरला मी तुमचाच नऊचा बूट घालून गेलो. मामांनी टाचेमागं बोट घातलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. "आठ देतो रं बाळा." मी आठ घेऊन घातला, आणि तुमचा घरी आणून ठेवला. वाटलं, होईल कधीतरी मापाचा. दर दसऱ्याला दार लावून घालून बघायचो.

मला तुमचा राग येतो, आबा. एवढा जीव कशाला टाकलात माझ्यावर? आठ घेतला असता तर आज माझ्यावर ओरडायला तुम्ही असता. हे मी कुणापुढं बोलू? आईपुढं बोललो नाही, ती गेली. बायकोला सांगितलं तर म्हणते, झालं गेलं सोडा आता. सोडायचं कसं, ते मला येत नाही.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू? तेल मी अजून लावतो. चिंध्या केव्हाच गळून गेल्या, त्यांच्या जागी हा कागद कोंबून ठेवतो.

एक सांगायचं राहिलं. माझा पाय वाढलाच नाही, आबा. मलाही आठच लागतो.