व्याह्यांच्या उसाच्या रसामागचं कारण

मुक्काम परभणी
(मुक्काम हा शब्द लिहिताना हात अडखळला. का, ते पुढे कळेलच.)

आदरणीय धम्मपालदादांना धाकट्या दत्तरावाचा मनापासून जय भीम. वहिनींच्या गुडघ्याला तेल चालू आहे ना? तुमचा खोकला कसा आहे? पूर्णेत ऊन किती ते विचारत नाही, इथल्यावरून कळतंय. फोन का केला नाही म्हणून रागावू नका. या घरात एकानं फोनवर बोललं की चौघं ऐकतात, आणि जे सांगायचंय ते पोरीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असा मला हुकूम आहे. हुकूम कोणाचा, तेही सांगतो.

तुम्ही मला एकाच कामासाठी पाठवलं होतं. दरवर्षी उन्हाळा लागला की माझी बबिता तिच्या लेकीला, धम्मशीलेला, पूर्णेला आणून सोडते. यंदा सोडली नाही. का, तर म्हणे पोरीला थेरपी लावलीय. कशाची, तर न बोलण्याची! दादा, आपली शीला न बोलणारी? गेल्या उन्हाळ्यात तिच्यापायी तुम्ही कानात कापूस घालून बसत होता. (बिजली शेळीला तर ती दिवसभर रागवायची, शेळीनं एकदा कंटाळून दावंच तोडलं.) तेव्हा तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "दत्ता, व्याह्याचं कायतरी कारस्थान हाय. पोरगी आजोळी पाठवायची न्हाई म्हणून आजार काढलाय. जा अन् घिऊन ये." मला पटलं. रुळावर हातोडा मारत सगळी नोकरी गेली माझी. आवाज बद्द लागला की कुठंतरी तडा आहे हे मला लगेच कळतं, आणि हा आवाज लय बद्द होता.

परभणी स्टेशनवर उतरलो, तिथंच बाकावर शिदोरी सोडून जेवलो. तुम्हाला तर माहीत आहे, आपल्या वडलांनी सगळ्या जुन्या रूढी सोडल्या, पण लेकीच्या सासरी जेवायचं नाही आणि मुक्कामही करायचा नाही ही एक काही त्यांच्याच्यानं सुटली नाही, आणि माझ्याच्यानंही. घरी पोचलो तर दारात व्याही सिद्धोधनराव उसाच्या रसाचा तांब्या घेऊन उभे. ज्या माणसानं लग्नात मला साधं पाणी विचारलं नव्हतं, त्यानं कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं! मी म्हणालो, सांजच्या गाडीनं पोरीला घेऊन निघतो. तर म्हणतात, "उद्याची थेरपी बघा, मग न्या खुशाल." इतक्या सहजी कोणी नात देतं का? माझा संशय दुप्पट झाला. रात्री स्टेशनच्या बाकावर झोपतो म्हणालो तर बबिता रडायला लागली, म्हणून गच्चीवर झोपलो. (म्हणजे घरात नाही, घरावर.)

दुसऱ्या दिवशी थेरपीच्या जागी गेलो. थेरपीवाल्या भक्ती मॅडम म्हणजे आपल्या बबितापेक्षाही लहान पोरगी. मला बाहेर बसवलं. मी काय बसतो? मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीचा ओटा होता, त्यावर चढून खिडकीतून पाहिलं. आणि काय दिसावं? मॅडम जमिनीवर मांडी घालून शीलासंगं सागरगोटे खेळायल्यात! एकदाही "बोल" म्हणाल्या नाहीत. न बोलण्याची डॉक्टरीण स्वतःही बोलेना. फी घेऊन खेळतात, दादा! मला राहवलं नाही. तसाच आत घुसलो आणि म्हणालो, "मॅडम, हिला चांगलं बोलता येतंय, हे बघा. शीला, सांग मॅडमला, आपल्या शेळीचं नाव काय? सांग की, लाजायला काय झालं?"

शीलानं मान खाली घातली. हातातला सागरगोटा तसाच मुठीत राहिला. मी पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. पोरगी लाकडासारखी ताठ झाली.

त्या दिवसापासून ती माझ्याशीही बोलेना. गच्चीवर येऊन शेजारी बसायची, माझ्या तांब्याशी खेळायची, पण शब्द नाही. तेव्हा बबितानं सांगितलं, घरात तोंड थांबत नाही, पण पहिलीच्या अख्ख्या वर्षात शीला शाळेत एक शब्द बोलली नाही. एकदा बेंचात बोट चेमटलं, नख काळं पडलं, रक्त आलं, तरी तोंडातून "आई गं" निघालं नाही. वहीवर डाग दिसला तेव्हा बाईंना कळलं. "बाबा, जूनमधी शाळा उघडंल. हिला काय झालं तर सांगणार कोण?" असं बबिता म्हणाली, अन् माझा हातोडा हातातच राहिला.

मग गुपचूप मॅडमकडे गेलो. (संशय सोबत होताच, घरी ठेवला नव्हता.) त्यांनी हुकूम दिले. पोरीला एकही प्रश्न विचारायचा नाही. बोलली तर शाबासकी द्यायची नाही. बोलली, बोलली असा गवगवा तिच्यासमोर करायचा नाही. आपण आपलं बोलायचं आणि थांबायचं. सिग्नल पडेपर्यंत गाडी स्टेशनाबाहेर आऊटरला उभी राहते तसं. दादा, आपल्या घराण्याला प्रश्नाशिवाय बोलता येतं का? समोर उठून बसलेल्या माणसाला आपण "उठलास का?" विचारतो!

तरी गेलो. खोलीत मी आणि शीला, मॅडम बाहेर, दार जरासं उघडं. सागरगोटे काही मला जमेनात. मी आपला पुटपुटलो, "आपली काळी बिजली पूर्णेत काय करत आसंल..." (बिजली दुधासारखी पांढरी, हे तुम्हाला ठाऊक आहेच.) शीलाचा हात थांबला. मी म्हणालो, "बिचारीला शिंगं पण न्हाईत." आणि दादा, माझ्या कानाला तिच्या श्वासाची ऊब लागली. "आजोबा, बिजली पांढरी हाय." मग जरा मोठ्यानं, "अन् शिंगं दोन हायत. तुमाला दिसायलं न्हाई का?"

हुकूम आठवला. शाबासकी गिळून मी सागरगोटा उडवला, तोही पडला. दाराबाहेर मॅडमनी नुसतं हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. मला वाटलं, या बाईला ऐकू येत नाही की काय! नंतर विचारलं तर म्हणाल्या, "ऐकलं काका. पण मी ऐकलं हे तिला आज कळायला नको."

पेढे वाटायची बंदी, म्हणून बाहेर येऊन रसाच्या गाड्यावर उभा राहिलो. तिथं व्याही. मी काही बोलायच्या आधीच त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. डोळे पुसत म्हणाले, "माफ करा दत्तराव. ज्याच्याशी ती सगळ्यात जास्त बोलते त्या माणसाला इथं आणा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण तुमाला बोलावलं असतं तर तुमी लेकीच्या घरी ऱ्हायला आला असता का? म्हणून पोरगी अडवून धरली."

म्हणजे बघा दादा, माझा कान चुकला नव्हता. कारस्थान होतंच. फक्त सापळा पोरीसाठी नव्हता, माझ्यासाठी होता, आणि मी रस पिऊन त्यात बसलो. आता शाळा उघडेपर्यंत इथंच आहे. काल गच्चीवरून खाली घरातही झोपायला आलो, डास लय आहेत. मात्र सागरगोट्यांची फी मला अजून पचलेली नाही, हे मी मॅडमना तोंडावर सांगणार आहे. शीलाचं नीट झालं की मग सांगीन.

तुमचा धाकटा,
दत्ता

ता. क. मॅडम रोज दार थोडं थोडं जास्त उघडतात, आणि आता शीला ज्याच्याशी बोलते असं आणखी कोणीतरी हवं म्हणतात. तरी आपल्या बिजलीला रोज इकडं येणाऱ्या नागनाथच्या भाजीच्या टेम्पोत बसवून पाठवावं. शेळीचा फोटो चालेल असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण फोटोतल्या शेळीला रागावण्यात शीलाला काय गोडी?

ता. क. २. बिजलीसोबत तुम्हीही यायचं म्हणता, असं बबितानं सांगितलं. मी मॅडमना तुमच्याबद्दल सगळं खरं सांगितलं: दादा लय मायाळू आहेत, पोरीवर जीव टाकतात, पण टेम्पोतून उतरल्या उतरल्या "काय गं, बोलायलीस का आता?" असं विचारतील. मॅडमनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, शेळीला एकटीलाच पाठवा.