बारावी सुई

४ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. वि. वि. मी पत्र लिहायला बसलो म्हणजे तुझी काळजी वाटते आहे हे तुला कळतंच, त्यामुळे ते वाक्य पुन्हा लिहीत नाही.

परवा तुझा फोन आला. या महिन्यात तीन वेगवेगळी विमानं उडवायची आहेत असं मला ऐकू आलं. तुझी आई म्हणते, पाच. फोनवर मला अर्धीच बातमी कळते आणि तिच्यावर मी काळजी मात्र पूर्ण करतो. पत्राचं बरं असतं. आईचा चष्मा सापडेपर्यंत ते थांबतं.

मला एक समजत नाही. बसचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं एकच बस चालवतो. माझं शिलाई मशीन एकच होतं, त्याची खोड हाताला पाठ होती. तुमच्या कंपनीत मात्र आज कारखानदाराचं विमान, उद्या दातांच्या डॉक्टरांचं, परवा आणखी कुणाचं. ज्याला वेळ नाही त्याचं विमान तुम्ही इकडून तिकडे नेऊन द्यायचं. त्या विमानांना तरी कसं कळणार, आज आपल्यावर कोण बसलं आहे ते?

मी दुपारी गॅलरीत असतो. धावपट्टी इथून दिसत नाही, झाडांचे शेंडे तेवढे दिसतात. बराच वेळ काही नसतं. मग झाडातूनच उगवल्यासारखं एक विमान वर येतं, आणि ते दिसेनासं होईपर्यंत माझा चहा गार होतो.

पाचही विमानांच्या सीटा कोणत्या रंगाच्या, कातडी की कापडी, पाठीला कुठे टोचतं का, हे लिही. आई म्हणते, लोक इंजिनाचं विचारतात आणि यांचं आपलं सीटचं. विचारू दे म्हणावं. मी चौथी शिकलेला सीट शिवणारा माणूस, इंजिनातलं मला काय कळणार?

जपून राहा. इकडे तुझी आठवण निघाली नाही असा दिवस जात नाही.

तुझा
बाबा


१३ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. पाचच विमानं. कान तुमचा चांगला आहे, मनच दोन विमानं गाळतं.

डॉक्टरांचं चार जणांचं विमान पतंगासारखं आहे. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. नांगरलेल्या रानावरून गेलं की ते हलकेच उचललं जातं, तळ्यावरून गेलं की खाली बसतं. डोळे मिटले तरी खाली काय आहे ते सांगता येईल. (मी डोळे मिटत नाही. आईला हे वाचून दाखवताना कंसातलंही वाचा.)

दुसरं तरंगणारं, पायांच्या जागी दोन होड्या लावलेलं. पाणी कधी सुटलं ते दिसत नाही. होड्यांखालची थपथप अचानक थांबते, तेव्हा समजायचं की आपण वर आहोत. तिसरंही तसंच, फक्त रंग वेगळा, म्हणून त्याचं वेगळं लिहीत नाही.

कारखानदाराचं जेट फार उंच जातं. तिथे भर दुपारी आभाळ शाईसारखं निळं असतं. आपण चाललो आहोत असं वाटतच नाही, खालची जमीनच कुणीतरी सावकाश ओढून घेत असतं. मागे चौघं बसले होते. एकानेही बाहेर पाहिलं नाही. एकजण बूट काढून झोपला. त्याच्या नावचं सगळं मीच पाहून घेतलं. खाली ढगावर आमची सावली पळत होती आणि तिच्याभोवती सप्तरंगी गोल कडं होतं. गंमत अशी की ते कडं प्रत्येकाला आपल्या बसल्या जागेभोवतीच दिसतं.

आता खरी बातमी. पाचवं विमान जुनं, दोन इंजिनांचं, आठ सीटांचं. वळवताना थोरल्या आत्यासारखं वागतं. आधी ऐकत नाही, आणि एकदा ऐकलं की सोडत नाही. काल माझी पेन्सिल पडली म्हणून सीटखाली हात घातला, तर पुढच्या कडेला डाव्या कोपऱ्यात बोटाला गाठ लागली. वाकून पाहिलं. लाल दोरा. बाबा, तुमची गाठ! आपल्या घरच्या प्रत्येक उशीला असते तीच. कॉफी रंगाचं कातडं, अजून एक टाका हललेला नाही. मग पूर्ण वेळ मी तुमच्या मांडीवर बसल्यासारखी बसले. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच विमान घेऊन जायचं आहे. आता तरी या, एकदा माझ्याबरोबर बसा. कान, गुडघा, रक्तदाब, ही कारणं वापरून झाली आहेत. नवीन असेल तर कळवा.

आईला नमस्कार. तुमच्या रागाची वाट पाहणारी,
भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरीस,

आ. वि. वि. त्या सीटवर बसू नकोस. हे पत्र मंगळवारच्या आत पोचावं म्हणून मी स्वतः पोस्टात जाऊन टाकतो आहे. फोनवर हे मला बोलता येणार नाही.

आमच्या कारखान्यात रीत होती. सीटच्या पाठीचं कातडं शिवायला वाकड्या सुया असत, प्रत्येक कारागिराला बारा. सकाळी डब्यातून मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून ठेवायच्या. एक जरी कमी भरली तरी त्या दिवशी हात लावलेली प्रत्येक सीट उसवायची, मग कितीही उशीर होवो. सुई कापसात चालते, असं मोठे कारागीर सांगत. बसणाऱ्याच्या वजनाने दररोज केसभर पुढे सरकते. आणि विमान उतरवताना पायलटच्या पाठीत टोचलं तर काय होईल, ते सांगताना ते थांबत. ते थांबणंच मला जास्त भिववायचं.

छत्तीस वर्षांपूर्वी मी कॉफी रंगाच्या कातड्यावर शेवटचे टाके घालत होतो. पायलटची डावी सीट, आठ सीटांचं विमान. तेवढ्यात फाटकावरच्या माणसाने निरोप आणला की आईला दवाखान्यात नेलं आहे. मी गाठ मारली आणि पळालो. सुया मोजल्या नाहीत. तू दुपारी आलीस. तळहाताएवढा चेहरा, आणि मुठी अशा आवळलेल्या की काहीतरी चोरून आणलं आहे.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. अकरा होत्या. विमान सकाळीच गेलं होतं. मी घरची सुई वाकवून बारावी म्हणून ठेवली आणि गप्प बसलो. नोकरी जाईल ही भीती होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तू जन्मलीस त्या दिवसाला मला हा डाग लावायचा नव्हता.

पुढे तू पायलट झालीस. सगळ्यांनी पेढे मागत माझं अभिनंदन केलं आणि मी घरी येऊन, कारखाना सोडताना बरोबर आणलेला सुयांचा तो डबा उघडून बसलो. तेव्हापासून तुझी प्रत्येक सीट विचारतो. तुझ्याबरोबर बसत नाही त्याचं खरं कारण गुडघा नव्हे. माझी एक सुई आकाशात फिरत असताना मी वर कोणत्या तोंडाने येऊ?

काल आईला सांगितलं. ती म्हणाली, झोपेत तुमच्या कपाळाला आठ्या असतात त्या माझ्यामुळे, असं मी छत्तीस वर्षं समजत होते.

उसवून बघ. तोवर उभी राहा, पण बसू नकोस.

बाबा


२२ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. सापडली.

पत्र सोमवारी मिळालं. मी आमच्या मेकॅनिकना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आपला पानेमोजणीचा फळा दाखवला. प्रत्येक पान्याची काळ्या रंगात काढलेली आकृती, आणि संध्याकाळी एकही आकृती रिकामी दिसता कामा नये. मला म्हणाले, तुमच्या वडिलांना आमच्याकडे लगेच नोकरी मिळाली असती. मग आम्ही दोघांनी पाठीची शिवण उसवली.

बाबा, ती कुठेही चालली नव्हती. डाव्या खांद्याच्या उंचीवर, चौकटीच्या गोणपाटात ती टोचून ठेवलेली होती. दुसऱ्या दोऱ्याला हात घालण्याआधी तुम्ही सुई अशीच टोचून ठेवता, घरी सोफ्याच्या हाताला टोचायचात तशी. टोक मागे, पत्र्याकडे. नेढ्यात वीतभर दोरा अजून होता. तुम्ही तिला सोडून गेला नव्हतात, ठेवून गेला होतात. छत्तीस वर्षं ती तुमची वाट बघत तिथेच थांबली.

मंगळवारी जायचंच होतं, म्हणून शिवण मीच घातली, तुमच्याच सुईने. बूट शिवल्यासारखी दिसते, पण मजबूत आहे. मेकॅनिकनी तपासून सही केली. सुई माझ्या वहीत नीट ठेवली आहे.

आता झोपा. कपाळाला आठ्या न घालता.

तुमची
भिंगरी


२६ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. वि. वि. पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा आईने वाचून दाखवलं, कारण मला अक्षरं दिसत नव्हती. चष्म्याचा नंबर बदलला असावा. त्यानंतर मी दुपारी दोन तास झोपलो. आई दोनदा येऊन श्वास बघून गेली म्हणे.

आता दुसरं. बूट शिवल्यासारखी म्हणजे कशी? टाके एका मापाचे तरी आहेत का? दोरा मेण लावलेला होता की तसाच? जाग आल्यापासून मला चैन नाही. खाली माझी लाल गाठ आणि वर तुझे टाके. उद्या कुणी जाणता कारागीर ते बघेल आणि म्हणेल, गाठ मारणाऱ्याला शिवता येत नव्हतं. हे मी कसं सहन करू? पाठीचं कव्हर काढून पार्सलने पाठव. दोन दिवसांत परत करतो. आणि वाटेत ते दुमडू नकोस, गुंडाळ.

माझ्या हट्टाला हसत असशील. हस. पण पाठव.

बाबा


३० मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. कव्हर पाठवता येत नाही. त्याच्याशिवाय विमान हलत नाही, आणि विमान गुरुवारी विकत घेणाऱ्यांकडे पोचवायचं आहे, तळ्याकाठच्या गावी, तासाभराची वाट.

पण मधे मी तुमच्या झाडांमागच्या धावपट्टीवर उतरणार आहे, सकाळी नऊला. बारापर्यंत विमान उभं असेल. मेण, दोरा आणि चष्मा घेऊन या, सुई मी आणते. काम झाल्यावर उजवी सीट रिकामी असेल. परत यायला बस आहे. आग्रह करत नाही. फक्त कळवते.

भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. वि. वि. बसने मी सुखरूप पोचलो. बसची सीट फार वाईट होती.

गुरुवारी तुझ्यासमोर काही बोललो नाही, म्हणून लिहितो. तुझे टाके उसवले तेव्हा रागावलो होतो. पण कातड्याचं असं असतं, की एकदा पडलेलं भोक बुजत नाही. मी माझ्या जुन्याच भोकांतून दोरा ओढला. सगळी सापडली, एकही चुकली नाही, बोटांना वाट पाठ होती. त्यांच्या शेजारी तुझी भोकं तशीच राहिली, वाकडीतिकडी, मुंग्यांच्या रांगेसारखी. आता त्या पाठीवर दोन रांगा आहेत. जाणत्या कारागिराने बघितलं तर बघू दे.

वर गेल्यावर मी डोळे मिटले होते, हे आईला सांगितलेलं नाही. तू लिहिलं होतंस ते खरं निघालं. रान कुठे होतं आणि पाणी कुठे होतं, मला मिटल्या डोळ्यांनी कळलं. मग उघडले. ढग कापसासारखे असतात असं लोक म्हणतात. लोकांनी कापूस हाताळलेला नाही. कापसाला वजन असतं, तो दाबला की दाबलेला राहतो. ढग कशासारखेच नव्हते. मी बहुतेक वेळ तुझ्या पाठीकडेच बघत होतो. ती माझ्या शिवणीला टेकली होती आणि तुला काही टोचत नव्हतं.

तू बोट दाखवलंस तेव्हा माझ्या बाजूला ढगावर आपली सावली होती, आणि ते सप्तरंगी कडं. तू लिहिलं होतंस की प्रत्येकाला ते आपल्या जागेभोवती दिसतं. मी नीट निरखून बघितलं. मला ते डाव्या सीटभोवती दिसलं. तुमचं शास्त्र चुकत असेल, किंवा माझा चष्मा.

घरी आल्यावर वाकवलेली घरची सुई डब्यातून काढून आईला दिली, आणि तिच्या जागी तू आणलेली ही बारावी ठेवली. बारा भरल्या. मग पुन्हा मोजल्या.

पुढच्या महिन्यात कोणती विमानं आहेत ते लिही. सीटचं आता नाही लिहिलंस तरी चालेल. पण लिही.

तुझा
बाबा