पाइपाला सुटलेलं तेल

मंगळवार, सांज

राखेनं घासले, साबणानं घासले, तरी हात चिकटच. एमआयडीसीतल्या आमच्या शेडात म्हशीची धार काढायच्या मशीनचा मऊ पाइप बनतो. त्यो मऊ ऱ्हावा, आचेनं करपू नये म्हणून त्यात प्रक्रिया केलेलं सोयातेल घालतात. ड्रम आला न्हाय, तर आमच्या ह्यांनी दुकानातलं खायचं सोयातेल ओतलं. अन् सांगतात आज! "दोन्ही सोयाबीनचंच की गं!"

डोंबलाचं सोयाबीन. पाइप पिवळा पडलाय, अंगातनं तेल सुटतंय. आन् त्यातलाच पाइप लासुर्ण्याला माझ्या भावाच्या गोठ्यात लावलाय. भावजयीला फोन केला.

"वन्सं, दुधाला खवट वास येतोय. डेरीवाला घेईना. नव्या म्हशीचाच दोष म्हणून हे तिला उद्या बाजाराला काढतायत."

मी खरं सांगाय तोंड उघडलं. ह्यांनी खुणेनं गप केलं. बोलले तर गावोगावचा पाइप माघारी येईल, शेड बंद पडंल. मग खायचं काय, तेच तेल?

त्या मुक्या जनावराचा काय दोष? न्हाय, सकाळच्या धारंआधी जाते, माझ्या हातानं पाइप काढते, भावाला खरं सांगते. म्हस ऱ्हाईल दावणीला. आमचं काय व्हईल ते दिसतंयच. ह्यांच्याकडं बघवत न्हाय.

हात अजून चिकटच हायत.