निळ्या दोऱ्याचा ब्रश

मी, निवृत्त शिक्षिका, वय एकोणसत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे स्वतःच्या अक्षरात लिहिते आहे. याच महिन्याच्या वीस तारखेला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला. खिडक्यांना हिरवा सोडून कुठलाही रंग द्यावा. हिरवा तिच्या वडिलांनी माझं न ऐकता दिला होता.

दोन. मागच्या खोलीतलं टेबल, कानशी, चिमटे, पॉलिशच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांना. मोडके ब्रश ते आमच्यासाठी वर्षानुवर्षं बाजूला ठेवत आले. यजमान मुठींचे तडे भरायचे, मी केसांचे झुबके धुऊन विंचरायची. आमचा संसार खरा त्या टेबलावर झाला.

तीन. काचेच्या कपाटातले जुने दाढीचे ब्रश मुलीला. नोंदवहीत एकशे बारा आहेत, कपाटात एकशे अकरा.

चार. उरलेला, शिंगाच्या मुठीचा, माझ्या धाकट्या दिरांकडे आहे. मी तपासण्यांसाठी इस्पितळात असताना त्यांनी तो न विचारता नेला. यजमान जाऊन चार दिवस झाले नव्हते, तेव्हा हेच गृहस्थ टेप घेऊन कपाट मोजत होते. "वहिनी, जागा फार अडते हो याने." ते मी विसरलेले नाही.

त्या ब्रशचे केस घोड्याचे आहेत. अशा जुन्या केसांत काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू वर्षानुवर्षं टिकू शकतात, आणि तिचा फोड दुखतही नाही. म्हणून यजमान प्रत्येक ब्रश आधी निर्जंतुक करायचे आणि मगच मुठीला निळा दोरा बांधायचे. दोरा नाही, तर हातमोज्याशिवाय हात नाही. हा नियम दिरांनाही माहीत आहे. यजमानांच्या पश्चात आलेला हा ब्रश मी निर्जंतुक केलेला नाही. मुलीला कपाटाचा फोटो पाठवायचा होता. एकच ब्रश बोडका दिसत होता, म्हणून मी त्यालाही दोरा बांधला आणि सोडायला विसरले. तो कुणी वापरू नये.

इथवरचा मजकूर वकीलबाईंनी वाचला आणि चष्मा काढला.

"हे त्यांना सांगितलंत?"

"चोरी त्यांनी केली. मी का सांगू?"

"बाई, हा कागद तुमच्या माघारी उघडणार. तोवर ते दाढी करणार नाहीत का?"

माझ्या लहानपणी मिशनच्या शाळेतल्या सिस्टर खाडाखोड झाली की पान फाडायला लावत. हे पान मी फाडत नाही. ब्रश गेल्याचं कळल्यापासून मी अठरा दिवस गप्प बसले होते, हे मुलीला कळू दे.

फोन मी तिथूनच लावला.

"भावोजी, तो शिंगाच्या मुठीचा ब्रश वापरलात?"

"कुठला ब्रश?"

"आता लपवू नका."

"रोज वापरतो. दादाच्या हाताखालून गेलेला म्हणून आणला. दोरा होता की त्याला."

"दोरा मी बांधला. फोटोसाठी. त्याला दादांचा हात लागलेलाच नाही."

"वहिनी, हनुवटीखाली एक फोड आलाय. दुखत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही."

इस्पितळात त्यांना लगेच औषध सुरू केलं. ब्रश पिशवीत बंद करून डॉक्टरांच्या ताब्यात दिला. अहवाल यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी शाळेत पाठ केलेल्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या, विसरलेल्या ओळींसकट. फोड साधा निघाला. दीर म्हणाले, "कपाट मोजल्याचा एवढा राग?" मी हो म्हटलं.

पाच. यजमान स्वतः रोज वापरायचे तो ब्रश अजून न्हाणीघराच्या फळीवर आहे. तो संग्रहातला नाही आणि मी तो कुणालाच देणार नव्हते. तो धाकट्या दिरांना द्यावा. त्याला दोरा नाही, पण तो निर्धास्त वापरावा.

आज सहीसाठी दीर आपणहून आले. "मला काही मिळणार नाहीच, तेव्हा साक्षीदार म्हणून माझ्याइतका चोख कोण?" असं म्हणत त्यांनी पेन उघडलं. वकीलबाईंनी त्यांना थांबवलं. ज्याच्या नावे काही आहे, त्याने साक्ष देऊ नये, म्हणाल्या. दिरांनी माझ्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि तोंड धुवायला न्हाणीघरात गेले. अजून बाहेर आलेले नाहीत. त्यांच्या जागी शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावलं आहे.

लिहून देणार : (सही)
साक्षीदार : १. शेजारच्या शिंपीणबाई (सही) २. आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)
ठिकाण : राहतं घर, मागची खोली
दिनांक : १२ मार्च २०२३