बाबांचा रिमोट

बोळिंज,
सप्टेंबर २००१

प्रिय दादा,

तू पाठवलेला नवा व्हिडिओ गेम पोचला. वायरी जोडून बघितला आणि परत खोक्यात भरून माळ्यावर टाकला. फोनवर विचारलंस, आता तरी खूश ना? नाही. फोनवर मला रडू येतं आणि तुझं फावतं, म्हणून लिहितेय.

गणपतीला दीड दिवस आलास. कामणचे एकनाथकाका बाबांच्या हातातला रिमोट बघून हसले, म्हणाले, मास्तर आता पोरांचे खेळ खेळायला लागले. तुला लाज वाटली. मी आत मोदक वळत होते तेवढ्यात तू तो जुना गेम रिमोटसकट त्यांच्या नातवाला देऊनही टाकलास. घरी आलेल्या पोराला रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणे. मग तुझं घड्याळ द्यायचं होतंस. बाबा समोरच बसले होते. अर्धांगानंतर त्यांना बोलता येत नाही, त्यालाच तू होकार समजलास.

अरे, व्यायामाच्या बाईंना ते हात लावू देत नव्हते. तुझ्या शाळेच्या दिवसांतला तो रिमोट मी सहज त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या अंगठ्याने ते गेममधल्या माणसाला चालवायचे. त्यांच्या लुळ्या उजव्या अंगठ्यावर माझं बोट ठेवून मी उडीचं बटण दाबायचे. कितीदा खड्ड्यात पडलो. एकदा मी कुकर बंद करायला उठले, आणि पडद्यावरच्या माणसाने माझ्याशिवाय उडी मारली. बाबा वाकड्या तोंडाने हसले. तेव्हा लगेच तुला फोन लावला होता. तू मीटिंगमध्ये होतास.

नव्या रिमोटची बटणं कडक आहेत. जुन्याची तूच लहानपणी दाबून दाबून मऊ केली होतीस, ती त्यांना झेपायची. आता अंगठा बटणावर नुसता टेकतो आणि ते मान फिरवतात. रविवारी कामणला जा आणि तो रिमोट परत माग. तू स्वतः जा, मी जाणार नाही.

काल बाबांच्या खाटेशेजारी बसून, तुला शिव्या घालत मी हे पत्र लिहायला घेतलं. त्यांनी माझी ओढणी धरली आणि शब्द शोधत म्हणाले, "हर्षूला नको लिहू. वाईट वाटेल." आजारपणानंतर त्यांनी जुळवलेलं हे पहिलं अख्खं वाक्य, आणि तेही तुला सांभाळायला. माझं नाव त्यांना अजून घेता येत नाही, दादा.

रागात आहे, तरी तुझीच,
संपदा