सव्वा मूठ भादली

१२ जून, गुरुवार
परवा सकाळी देवापुढे दिवा लावला, डबा घेतला आणि सुरतेतल्या कापड कारखान्याला निघालो, तेवढ्यात फोन आला. प्रियांका म्हणून एक मुलगी, कृषी महाविद्यालयाची. गावोगाव विचारत फिरते — देशी वाण टिकवायला शेतकरी तयार आहेत का? आमच्या शेतातले पाच गुंठे हवेत, तीन वर्षं, भादलीसाठी. शहरात राळा म्हणतात ते बारीक भरडधान्य.
"काका, सातबारा तुमच्या नावावर आहे, म्हणून तुम्हालाच विचारते."
सचिनच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारी रिक्षा सुटत होती. म्हटलं, "नाही. मकाच बरा." एक मिनिटही लागलं नाही!

१३ जून
बायकोला, जयश्रीला सांगितलं. हसली. "सव्वीस वर्षं लूम चालवताय. शेवटचा बैल कधी हाकला? शेतकरी म्हणे!"

१५ जून, रविवार
उषावहिनीचा फोन. हिलालदादा गेल्यापासून शेत तीच कसते. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
"मी त्या पोरीला सांगितलं होतं — भाऊ हो म्हणतील."
दरवर्षी ती बांधालगत भादलीच्या दोन ओळी पेरायची. दोन वर्षांपूर्वी मीच म्हटलं, तिथेही मका लाव. तिने लावला. बी तेव्हापासून वाळक्या पोकळ भोपळ्यात, राखेत पडून. परवा वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहिले, मोड आले जेमतेम सातांना. "सातच फुटनात, भाऊ. यंदा पेरं तं पेरं, नही तं गयं."
माझं ऐकून गावात आणखी चौघांनी त्या मुलीला नाही म्हटलं. "सुरतवाला नाही म्हणाला ना? मग झालं!"
मी म्हटलं, वहिनी, पेरून टाक. हवी तेवढी.
"यंदा पेरीन. पुढच्या वर्षी तुम्ही परत मका म्हणाल."
खरंच. म्हणालो असतो.

१८ जून
जपाला बसलो. मन लागलं नाही.

२२ जून, रविवार
भुसावळच्या गाडीने गावी आलो. ओल चांगली आहे. वहिनीने भोपळा उपडा केला, राख पाखडली आणि बी मोजलं. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याला, रोटाला, घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढतात, तशीच तिने भादली काढली. म्हणाली, "ही तुमच्या नावाची."
"आणि तुझी, वहिनी?"
"बाईच्या नावाची मूठ कधी असते का, भाऊ?" हसतच म्हणाली. मला मान वर करवेना.
दादाच्या मागे तिचा हिस्सा हक्कसोड करून मी माझ्या नावावर घेतला होता. 'कागद सोपा होईल' म्हणालो होतो. तिने का म्हणून विचारलंही नाही.
पेरणी तिने केली. मी नुसता मागे चाललो.

३० जून, सोमवार
आज निबंधकाच्या कचेरीत बक्षीसपत्र झालं. सगळं शेत वहिनीच्या नावावर. बाहेर येऊन प्रियांकाला फोन केला — माझं 'नाही' खोडून टाक, आता शेतकऱ्याला विचार.
वहिनीने सही केली. सावकाश, एकेक अक्षर. ती सही तिला मीच शिकवली होती — हक्कसोडीच्या आदल्या दिवशी.